निवासी वसाहतीतील चौक आणि ‘थांबा’ चिन्ह : ऊर्जानगरच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राची कर्मचारी वसाहत म्हणजे ऊर्जानगर. या केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये कार्यान्वित झाला आणि त्यासोबत दुर्गापूरच्या शेजारी ही वसाहत आकारास आली. केंद्र अहोरात्र चालते; त्यामुळे पाळी बदलण्याच्या वेळी वसाहतीच्या अंतर्गत रस्त्यांवर दुचाकींची एकदम गर्दी होते, तर उरलेल्या वेळी तेच रस्ते लहान मुले, सायकली व सायंकाळी फिरावयास निघणारे वृद्ध यांचे असतात. अशा वसाहतीतील चौकात चारही बाजूंस ‘थांबा’ चिन्ह लावावे, हा उपाय वरवर पाहता सोपा व स्वस्त वाटतो. तो कितपत उपयुक्त ठरेल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नियमाचे स्वरूप

भारतात अनियंत्रित चौकासंबंधीचा मूळ नियम १९८९ च्या रस्ता विनियमांत होता व २०१७ च्या मोटार वाहने (वाहनचालन) विनियमांतही तोच कायम आहे. मुख्य रस्त्यावर प्रवेश करणाऱ्याने त्या रस्त्यावरील वाहनांना वाट द्यावी. अन्यत्र उजवीकडून येणाऱ्यास वाट द्यावी. दोन किंवा तीन वाहने असताना हा नियम निर्दोष चालतो. परंतु चार दिशांनी चार वाहने एकाच क्षणी आली, तर प्रत्येकाच्या उजवीकडे कोणीतरी असतेच आणि नियमाप्रमाणे कोणीच पुढे जाऊ शकत नाही. प्रत्यक्षात अर्थातच सर्वांत धीट चालक आधी जातो. वसाहतीच्या चौकात तो बहुधा पाळीस उशीर झालेला दुचाकीस्वार असतो.

चतुर्दिश थांब्याची कल्पना ही कोंडी वेगळ्या मार्गाने सोडवते : सर्वांनी थांबावे आणि जो आधी थांबला त्याने आधी जावे. अमेरिकेत व दक्षिण आफ्रिकेत ही पद्धत सर्वपरिचित आहे. ‘थांबा’ चिन्हाचा प्रारंभ १९१५ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात झाल्याचे मानले जाते. त्याचा अष्टकोनी आकार १९२३ मध्ये सुचविला गेला व लाल रंग तेथे १९५४ मध्ये निश्चित झाला. रात्री किंवा मागील बाजूनेही केवळ आकारावरून चिन्ह ओळखता यावे, हा अष्टकोनाचा फायदा होय. भारतातही हेच अष्टकोनी चिन्ह प्रचलित आहे. मात्र ‘जो आधी थांबला तो आधी’ हा क्रम येथील चालकाच्या अंगवळणी पडलेला नाही. चिन्ह आयात करता येते, सवय आयात करता येत नाही.

विशेष म्हणजे ज्या देशात ही पद्धत सर्वाधिक रूढ आहे, तेथील नियमपुस्तिकाच ती सरसकट वापरू नये असे सांगते. अमेरिकेच्या २००९ च्या पुस्तिकेनुसार चतुर्दिश थांब्यासाठी बारा महिन्यांत अशा उपायाने टळू शकणारे पाच किंवा अधिक अपघात, अथवा आठ तास मुख्य रस्त्यावर ताशी सरासरी किमान ३०० वाहने व सोबत आडव्या रस्त्यावरही पुरेशी रहदारी, असे निकष होते. वेग कमी करण्यासाठी ‘थांबा’ चिन्ह वापरू नये, हेही तेथे स्पष्ट नमूद आहे. कारण साधे आहे. आडव्या रस्त्याने कधीच कोणी येत नाही असा अनुभव आल्यावर चालक थांबणे सोडतो, आणि थांबलाच तर वाया गेलेला वेळ पुढच्या पट्ट्यात वेग वाढवून भरून काढतो. घातक गोष्ट पुढे घडते : समोरचा थांबेलच या विश्वासाने रस्ता ओलांडणारे मूल त्या विश्वासापोटी धोक्यात येते.

चिन्हाचा अधिकार

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहतूक चिन्हे उभारण्याचा अधिकार राज्य शासनास किंवा शासनाने प्राधिकृत केलेल्या यंत्रणेस आहे. वसाहतीच्या व्यवस्थापनाने आपल्या हौसेने रंगवून घेतलेली पाटी ही सूचना ठरेल, आज्ञा नव्हे. २०१९ च्या सुधारणेने ‘थांबा’ चिन्हाचे उल्लंघन कलम १८४ मधील धोकादायक वाहनचालनात स्पष्टपणे समाविष्ट केले आहे व पहिल्या गुन्ह्यासही कारावासाची तरतूद आहे. एवढा कठोर परिणाम ज्या चिन्हास चिकटलेला आहे, ते योग्य अधिकाराविना लावणे उचित नव्हे.

अंतर, दृष्टी आणि वेग

भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार ताशी ४० किमी वेगाने जाणाऱ्या वाहनास सुरक्षित थांबण्यासाठी सुमारे ४५ मीटर अंतर लागते; ताशी २० किमी वेगास २० मीटर पुरतात. म्हणजे वेग निम्मा केला की अंतर निम्म्याहूनही कमी होते. चौकाच्या कोपऱ्यावरील कुंपण, झुडूप किंवा उभी मोटार यांमुळे चालकास २० मीटरच दिसत असतील, तर ताशी ४० किमी वेगाचा चालक कितीही दक्ष असला तरी वेळेत थांबू शकत नाही. ऊर्जानगरात झुडपांचा प्रश्न आणखी एका अंगाने परिचित आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या सान्निध्यामुळे या परिसरात वाघ-बिबट्यांचा वावर असतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राच्या परिसरात वाघाच्या हल्ल्यात एका कामगाराचा मृत्यू झाला. कोपऱ्यावरची झुडपे छाटणे हे दोन्ही दृष्टींनी, आणि कोणत्याही पाटीपेक्षा कमी खर्चाचे, काम आहे.

त्यानंतर वेगाचा विचार करावा. मानकानुसार १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद व १० सेंमी उंच गतिरोधक ताशी २५ किमी वेगासाठी अभिप्रेत आहे. ठिकठिकाणी दिसणारे अरुंद, उभट उंचवटे हे त्याचे विडंबन होय. ज्या चौकात जागा आहे तेथे मध्यभागी छोटे वर्तुळ अधिक योग्य, कारण वर्तुळात उजवीकडच्यास वाट देण्याचा आपलाच नियम कोंडीशिवाय लागू पडतो. ‘थांबा’ चिन्ह मात्र दोन रस्त्यांपैकी एक स्पष्टपणे मुख्य असेल तेथे, गौण रस्त्याच्या तोंडाशी, सक्षम यंत्रणेच्या संमतीने लावावे. चतुर्दिश थांब्याचा प्रस्ताव येईल तेव्हा प्रथम पाळी बदलण्याच्या तासाची व शाळा सुटण्याच्या वेळेची वाहनगणना केली जावी. स्थानिक महाविद्यालयाचे विद्यार्थी ही गणना प्रकल्पकार्य म्हणून एका आठवड्यात करू शकतात.