तिवराच्या पानावरचे मीठ

कोकणातल्या खाडीकाठी, ओहोटीने उघड्या पडलेल्या खाजणात उभ्या असलेल्या तिवराचे पान दुपारच्या उन्हात निरखून पाहिले, तर त्यावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात आणि जीभ लावली तर पान खारट लागते. त्यावरून या झाडाला मिठाची आवड आहे, किंबहुना मिठावाचून ते जगतच नाही, अशी जी समजूत रूढ झाली आहे, ती वस्तुस्थितीच्या नेमकी उलट आहे. ते मीठ झाडाने बाहेर टाकलेले आहे. मध्यम खारटपणात तिवर जोमाने वाढते. भर समुद्राच्या पाण्यात, जिथे लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्याचीही वाढ मंदावते.

पाणी शोषतानाच तिवराची मुळे त्यातील बहुतेक मीठ, शंभरातील नव्वद भागांच्या आसपास, बाहेरच थोपवतात. जे आत शिरते त्यातील काही पानांवरील क्षारग्रंथी बाहेर टाकतात, आणि उरलेल्याचा बंदोबस्त प्रत्येक पेशीला स्वतः करावा लागतो. मला या झाडाविषयी खरा आदर वाटतो तो इथे. तिवराच्या जीवद्रवातील विकरे भाताच्या विकरांइतकीच मिठाला नाजूक असतात. म्हणून पेशी ते मीठ रिक्तिकेत, म्हणजे आपल्या पोटातील पडद्याने वेढलेल्या कोठीत, कोंडून ठेवते, आणि त्या कोठीने जीवद्रवातील पाणी ओढून घेऊ नये यासाठी जीवद्रवात ग्लायसिन बीटेन नावाचा निरुपद्रवी पदार्थ साठवून दोन्ही बाजूंचा तोल राखते.

चिखलातून बोटांसारखे वर आलेले खुंट ही नवी रोपे, असेही पुष्कळांना वाटते. ती श्वसनमुळे होत. प्राणवायू नसलेल्या चिखलातील मुळांना हवा पोहोचते ती त्यांच्यावरील छिद्रांतूनच.

सर्वांत चिवट गैरसमज मात्र असा, की खाऱ्या पाण्यात राहून राहून झाडाला त्याची सवय जडली आणि ती सवय वारशाने पुढे गेली. आंब्याच्या रोपाला पिढ्यान्पिढ्या खारे पाणी पाजले म्हणून त्या सवयीने त्याचे तिवर होत नाही. चार्ल्स डार्विनने १८५९ साली मांडलेल्या निसर्गनिवडीच्या सिद्धांतानुसार, एकाच जातीच्या रोपांत जन्मतःच जे लहानसहान भेद असतात, त्यांपैकी काही खारटपणात तगण्यास उपयोगी पडतात. भरतीबरोबर वाहत येऊन चिखलात रुजलेल्या असंख्य रोपांपैकी असे भेद असलेली अधिक जगली, त्यांनाच अधिक बी धरले, आणि बाकीची तिथेच कुजून गेली.