वऱ्हाडातील रस्ते आणि मोटारींच्या चाकांचे कोन

मोटारीच्या चाकांच्या कोनांची जुळणी, जिला गॅरेजच्या बोलीत सरसकट ‘अलाइनमेंट’ म्हणतात, तिचा वऱ्हाडातील गेल्या चार दशकांचा मागोवा वरकरणी यंत्रांचा आणि अवजारांचा वाटत असला, तरी मुळात तो रस्त्यांचाच मागोवा आहे. अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांत मोटार शर्यतींसाठी कायमस्वरूपी ट्रॅक नाही. त्यामुळे येथील ज्या हौशी चालकाला नियमांच्या चौकटीत वेळ लावून गाडी पळवायची असते, त्याला एकतर मोकळ्या मैदानावर रबरी शंकू मांडून आखलेल्या ऑटोक्रॉसवर समाधान मानावे लागते, किंवा कोल्हापूरजवळचा हुपरीचा मोहिते ट्रॅक, कोइम्बतूर वा चेन्नई अशा दूरच्या ठिकाणी जावे लागते. नाशिकच्या परिसरात २०१०च्या दशकात राष्ट्रीय रॅली मालिकेतील ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ भरत असे. तीही वऱ्हाडापासून काही जवळ नव्हती. स्पर्धेची गाडी ट्रकवर लादून नेण्याची ऐपत हौशी माणसाला क्वचितच असते. ज्या गाडीतून तो सोमवारी कचेरीत जातो, त्याच गाडीने आणि त्याच चाकांवर तो स्पर्धेला जातो आणि परत येतो, म्हणून मैदानावरच्या काही मिनिटांसाठी बदललेले कोन शेकडो किलोमीटरच्या रस्त्यावरही निभावावे लागतात.

शर्यतीची हौस मात्र या भागाला परकी नाही. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, साऱ्या विदर्भात प्रसिद्ध आहे, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने थांबलेल्या बैलांच्या शर्यती डिसेंबर २०२१ मधील अंतरिम परवानगीनंतर पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा गावोगावी जो उत्साह दिसला तो मोटारींच्या वाट्याला येथे कधी आलेला नाही.

पुढील विवेचनासाठी तीन कोन समजून घेणे आवश्यक आहे. समोरून पाहिले असता चाक उभ्या रेषेपासून आत किंवा बाहेर किती कलले आहे तो कॅम्बर. चाकाचा वरचा भाग गाडीच्या आतल्या बाजूला झुकला असेल तर कॅम्बर ऋण मानतात. स्टिअरिंग फिरवताना चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष बाजूने पाहिल्यास मागे किती झुकला आहे तो कॅस्टर. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होते ते मुख्यतः त्याच्यामुळे. वरून पाहता दोन्ही चाकांची पुढची टोके एकमेकांकडे वळलेली असतील तर टो-इन आणि एकमेकांपासून दूर गेलेली असतील तर टो-आउट. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते, त्याबरोबर बाहेरचे चाकही बाहेर झुकू लागते आणि टायरची बाहेरची कड तेवढी जमिनीला टेकते. चाकाला आधीच थोडा ऋण कॅम्बर दिलेला असेल तर ऐन वळणावर ते जवळजवळ उभे राहते आणि टायरची पूर्ण रुंदी कामी येते. हौशी स्पर्धेसाठी सस्पेन्शनमध्ये जे बदल केले जातात, त्यांतील बहुतेकांमागे एवढाच हिशेब असतो.

अँबॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या काळात हा हिशेब मांडणे शक्य होते, पण त्याची गरज कोणाला वाटत नव्हती. पद्मिनीच्या पुढच्या चाकांना दुहेरी विशबोन, म्हणजे चाकाला वरून आणि खालून धरणारे दोन आडवे त्रिकोणी हात होते. मागे दोन्ही गाड्यांना पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, होते. दुहेरी विशबोनच्या रचनेत साधारणतः हातांच्या बुडाशी शिम, म्हणजे पातळ धातूच्या चकत्या, घालून किंवा काढून कॅम्बर बदलता येतो. टो मोजण्यासाठी मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणून पट्टीने अंतर घेणारा मिस्त्री पुरेसा होता. या पद्धतीला आज अडाणी समजले जाते. वास्तविक दोरी नीट ताणलेली असेल आणि गाडी सपाट जागी उभी असेल तर ती मिलिमीटरच्या आसपास अचूक उत्तर देते. शर्यतीच्या पिटमध्ये ती आजही वापरली जाते, यावरून तिची योग्यता कळते.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि तिच्याबरोबर मॅकफर्सन स्ट्रट ही रचना मध्यमवर्गीय घरांत पोहोचली. फोर्डसाठी काम करणाऱ्या अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचनेत वरचा हात नसतो. शॉकअब्जॉर्बर, म्हणजे वऱ्हाडातील मिस्त्रींच्या तोंडचा ‘शॉकअप’, हाच चाकाला वरून धरतो आणि त्याचे वरचे टोक थेट बॉनेटखालच्या पत्र्याला जोडलेले असते. रचना स्वस्त आणि हलकी, जागाही कमी अडवणारी; मात्र कारखान्याने ठरवलेला कॅम्बर आणि कॅस्टर बदलण्याची सोय मारुतीत ठेवलेली नव्हती. टाय रॉडची आट्यांची टोके फिरवून फक्त टो जुळवता येत असे. तेव्हापासून अलाइनमेंट म्हणजे टो हे समीकरण जे रूढ झाले, ते आजही बहुतेक दुकानांत कायम आहे.

ही मर्यादा हौशी चालकांना जाचक वाटली, तरी टायरच्या आयुष्याच्या दृष्टीने टो हाच सर्वांत महत्त्वाचा कोन आहे, हे साध्या गणिताने दाखवता येते. मारुती ८००च्या १४५/७० आर १२ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ५०० मिलिमीटर असतो. दोन्ही चाकांत मिळून ३ मिलिमीटरचा टो-आउट असेल तर प्रत्येक चाक सरळ दिशेपासून १००० भागांत सुमारे ३ भाग तिरके असते; म्हणजे गाडी एक किलोमीटर पुढे जाते तेव्हा ते चाक हिशेबाने ३ मीटर आडवे घासते. अमरावतीहून अकोल्यापर्यंतच्या सुमारे १०० किलोमीटरच्या प्रवासात ही घसट ३०० मीटर होते. याउलट टो शून्य असताना दीड अंशाचा ऋण कॅम्बर टायरची आतली कड थोडी लवकर झिजवतो, पण टायर खाऊन टाकत नाही. कॅम्बरने टायर जातात ही समजूत इतकी घट्ट रुजण्याचे कारण असे, की स्ट्रटचा कॅम्बर बदलला की टाय रॉडच्या जागेनुसार टोही आपोआप बदलतो. तो पुन्हा न जुळवता गाडी रस्त्यावर आणणाऱ्यांचे टायर खरोखरच महिन्याभरात जात, आणि दोष मात्र कॅम्बरच्या माथी येई.

१९८५ साली आलेल्या जिप्सीची गोष्ट वेगळी होती. पुढे-मागे अखंड आस आणि चारही चाकांना पाटे असल्याने तिच्यात कॅम्बर बदलण्याचा प्रश्नच नव्हता; आस आणि पाटे यांच्यामध्ये पाचर घालून कॅस्टर तेवढा कमी-अधिक करता येत असे. रॅलीवाल्यांची ती दीर्घकाळ आवडती गाडी राहिली ती कोनांमुळे नव्हे, मजबुतीमुळे.

मजबुतीला वऱ्हाडात एवढी किंमत का, याचे उत्तर जमिनीत आहे. येथील काळी कापसाची माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर खोल भेगा दाखवते. या मातीवर पुरेशी पायाभरणी न करता बांधलेला रस्ता दर वर्षी थोडा वर उचलला जातो आणि थोडा खचतो, त्याच्या कडा बसतात, आणि डांबरावर लांबलचक लाटा उमटतात. अशा लाटांवर शॉकअप सतत आपल्या पूर्ण पल्ल्यात काम करतो आणि खालच्या हाताचे रबरी बुश दर खेपेला पिळवटले जातात. भरीला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास गेलेला असतो, त्याने रबर आणखी लवकर म्हातारे होते. बुश सैल झाला की ब्रेक लावताना चाक मागे सरकते आणि कॅस्टर व टो दोन्ही बदलतात. उभ्या गाडीवर यंत्राने कितीही अचूक आकडे लावले तरी ते चालत्या गाडीचे राहत नाहीत. अमरावती-अकोला महामार्ग, म्हणजे पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६ आणि फेरक्रमांकनानंतरचा ५३, चौपदरीकरण रखडल्याने वर्षानुवर्षे खड्ड्यांसाठीच ओळखला जात होता. त्या काळात सस्पेन्शन सुधारण्यासाठी ज्याच्याजवळ पैसे असत, त्याने ते नवे बुश, बॉल जॉइंट आणि चांगले शॉकअप यांवर खर्च करणे हाच शहाणपणा होता. दिसायला तो बदल मुळीच नव्हता. गाडी फक्त पुन्हा नव्यासारखी होत असे.

२००५ मध्ये स्विफ्ट आणि २०१० मध्ये चाकणची पोलो आल्यानंतर हौशी स्पर्धांचा चेहरा बदलला. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे दोन्ही चाकांना जोडणारी पिळदार तुळई, म्हणजे टॉर्शन बीम, ही या गाड्यांची रचना; मागच्या चाकांचे कोन शिमेशिवाय बदलत नाहीत, त्यामुळे सारे लक्ष पुढच्या चाकांवर केंद्रित झाले. पॉवर स्टिअरिंग सर्वत्र आल्याने कॅस्टर वाढवूनही स्टिअरिंग जड होत नाही, आणि जास्त कॅस्टरमुळे वळताना बाहेरच्या चाकाला आपोआप थोडा ऋण कॅम्बर मिळतो, हा लाभ पूर्वीच्या जड स्टिअरिंगच्या गाड्यांत परवडणारा नव्हता. स्ट्रटला चाकाच्या गाभ्याशी जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी एकाच्या जागी विकेंद्री कॅम्बर बोल्ट बसवला तर एक-दीड अंश मिळू शकतो. भोके कानशीने लांबट करणे हा स्वस्त मार्ग असला तरी बोल्ट घसरला तर कोन अचानक बदलतो, आणि तो नेमका जोराच्या वळणावर बदलतो. स्ट्रटच्या माथ्यावर सरकती कॅम्बर प्लेट बसवणे सर्वांत सोयीचे, कारण मैदानावर पोहोचल्यावर कोन वाढवून परतताना तो कमी करता येतो. मात्र तिच्यात रबराऐवजी उघडे बेअरिंग असते, आणि वऱ्हाडच्या धुळीत ते लवकर खडखडू लागते.

गाडी खाली बसवण्याची फॅशन याच काळात फोफावली. तिचे समर्थन करणे कठीण आहे. स्ट्रटची गाडी फार खाली आणली की खालचा हात आडव्या रेषेच्या वर जातो. मग चाक वर उचलले जाताना ऋण कॅम्बर वाढण्याऐवजी घटू लागतो आणि टोही डळमळतो. म्हणजे गाडी दिसायला शर्यतीची होते आणि वळणाला मूळ गाडीहून वाईट होते, शिवाय प्रत्येक गावाच्या तोंडाशी असलेले गतिरोधक पोटाला लागतात ते वेगळेच.

कायद्याची चौकटही याच काळात घट्ट झाली. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक फेरफारासाठी ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरवली. कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय वेगाची चाचणी घेणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत टो जुळवणे ही अर्थातच देखभाल ठरते.

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग पूर्ण करण्यात आले आणि त्याची गिनेस विश्वविक्रमात नोंद झाली. त्याच वर्षी ११ डिसेंबरला अमरावती जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग सुरू झाला. चांगला रस्ता आला म्हणजे स्पर्धेचे कोन ठेवणे सोपे झाले, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. खड्ड्यांच्या रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगात किंचित टो-आउट जाणवतही नसे, आणि वळणात गाडी चटकन वळावी म्हणून ऑटोक्रॉसवाले तो मुद्दाम ठेवत. समृद्धीवर १२०च्या वेगमर्यादेत तोच टो-आउट स्टिअरिंगला सतत भरकटवतो, चालकाला क्षणोक्षणी सावरायला लावतो. आणि ऋण कॅम्बर दिलेल्या टायरची आतली कड तापलेल्या काँक्रीटवर तासन्‌तास न थांबता भार वाहते. जुना रस्ता धक्क्याने कोन बिघडवत असे, नवा रस्ता बिघडलेल्या कोनाची शिक्षा सलग आणि उष्णतेच्या रूपात देतो. टायरची हवा आणि आतल्या कडेची झीज तपासण्याची सवय पूर्वी स्पर्धेपुरती होती. आता ती रोजच्या प्रवासाची गरज झाली आहे.

परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे चढणारा घाट हा या कोनांचा फरक सर्वांत स्पष्ट दाखवणारा रस्ता असला, तरी तो सार्वजनिक आणि मेळघाटच्या जंगलाला लागून आहे, तेव्हा तेथे वेग आजमावण्याचा प्रश्न येत नाही. तेथे नियमित वेगातही जाणवते ते एवढेच, की शून्य टो, एक ते सव्वा अंश ऋण कॅम्बर आणि नवे बुश असलेली गाडी वळणात पुढून घसरू पाहत नाही आणि सरळीवर हातही भरून येत नाहीत. स्पर्धेसाठी दोन-अडीच अंश मागणाऱ्यांना हे आकडे मिळमिळीत वाटतील; पण रोजच्या गाडीला ते वर्षभर पेलतात.

दोरीची जागा आता कॅमेऱ्यांच्या थ्रीडी यंत्रांनी घेतली आहे. चाकांवर अडकवलेल्या परावर्तक पाट्या यंत्र पाहते आणि पडद्यावर प्रत्येक कोनाचा आकडा उमटतो: कारखान्याच्या मर्यादेत असेल तर हिरवा, बाहेर असेल तर लाल. मुद्दाम सव्वा अंश कॅम्बर ठेवलेली गाडी यंत्रावर चढली की तो आकडा बहुधा लाल दिसतो, आणि कॅम्बर बोल्ट हाताशी असेल तर मिस्त्री तो सैल करून आकडा हिरवा करून देतो, कारण गिऱ्हाइकाला छापील कागदावर सगळे हिरवे हवे असते. म्हणून स्पर्धेला जाणारा मालक यंत्राशेजारी उभा राहतो, कॅम्बरचा बोल्ट घट्ट ठेवून आधी मागची चाके तपासायला आणि शेवटी पुढचा टो शून्यावर आणायला सांगतो, आणि टाय रॉडच्या नटावर पांढऱ्या रंगाची खूण करून घेतो.