डाग आणि साज

मराठीत अंगावरच्या एकेका दागिन्याला ‘डाग’ म्हणतात आणि परस्परांशी मेळ राखणारे अनेक डाग एकत्र आले म्हणजे त्यांचा ‘साज’ होतो. डाग मोजता येतो, तोलता येतो, गहाण ठेवता येतो. साजाचे तसे नाही. त्यातील एखादा डाग हरवला तर गेलेल्या सोन्यापेक्षा मोडलेल्या मेळाची हळहळ अधिक वाटते. हा मेळ कशाने साधतो, हाताने दागिने घडविणाऱ्या कारागिराला तो मुद्दाम साधता येतो काय, आणि त्यावर त्याच्या पोटापाण्याचे काय अवलंबून आहे, याचा विचार करण्यास नर्मदाकाठच्या जबलपूरइतके सोयीचे ठिकाण दुसरे क्वचितच सापडेल.

जुन्या साजांकडे पाहिले तर त्यांचे ऐक्य तीन प्रकारचे दिसते. पहिले द्रव्याचे. नथ, कुडी, बुगडी, चिंचपेटी, तन्मणी हे डाग नाकात, कानात, गळ्यात अशा निरनिराळ्या जागी बसतात. त्यांचे आकारही एकमेकांसारखे नाहीत. तरीही मोत्याचा पांढरा, खड्यांचा लाल व हिरवा आणि सोन्याचा पिवळा, एवढ्याच रंगांची मर्यादा सर्वांनी पाळलेली असते आणि म्हणून ते एका घरातले वाटतात. दुसरे ऐक्य आकृतीचे. कोल्हापुरी साजात परंपरेने एकवीस पाने सांगतात: दहा अवतारांची दहा, अष्टमंगलांची आठ, माणकाचे एक, पाचूचे एक आणि शेवटी डोरले. मासा, कासव, कमळ ही चित्रे भिन्न. पण पानाचे माप एक, दोन पानांमधले मणी एक आणि आत भरलेली लाखही एकच. भिन्नता पानाच्या पोटात आणि समानता त्याच्या काठावर, अशी ही वाटणी आहे. तिसरे ऐक्य जोडणीचे. ठुशीतील बारीक मणी दाट गाठविण्याची जी रीत आहे तीच तिची ओळख होय. तेच मणी विरळ ओवले तर ठुशी उरत नाही.

द्रव्य, आकृती आणि जोडणी या तिहींपैकी निदान दोन गोष्टी स्थिर ठेवाव्यात आणि तिसरीला मोकळीक द्यावी, असा नियम यावरून काढता येतो. तिन्ही स्थिर ठेवल्या तर एकच दागिना पुनःपुन्हा घडतो. तिन्ही मोकळ्या सोडल्या तर दुकानातली सरमिसळ होते.

जबलपूरचा मराठी माणसांशी संबंध जुना आहे. गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ साली सागरच्या मराठ्यांकडे गेले, १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ नंतर तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्या काळापासून येथे वसलेल्या मराठी घरांतून नथ आणि ठुशी टिकून राहिली. कमानिया दरवाजाच्या आसपासच्या सराफ्यात आणि आठवड्याच्या बाजारांत त्यांच्या शेजारी गोंड स्त्रीची सुतिया आणि हमेल वावरत आली. शहरापासून काही कोसांवर भेडाघाट आहे. तेथे संगमरवरी खडकांच्या कड्यांमधून नर्मदा वाहते आणि काठावरचे कारागीर संगमरवर व शंखजिरे यांच्या मूर्ती, पेट्या आणि शोभेच्या वस्तू घडवितात. नदीच्या वाळवंटात अकीकाचे गोटेही मिळतात. ज्वालामुखीच्या काळ्या खडकात राहिलेल्या पोकळ्यांमध्ये सिलिकेचे थरावर थर साचून हा दगड बनतो. खडक झिजला की तो सुटून पात्रात येतो.

म्हणजे द्रव्याची येथे वाण नाही. अडचण वेगळीच आहे. हे तिन्ही दगड एका हत्याराला एकसारखे वश होत नाहीत. फ्रीड्रिख मोस याने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची जी दहा पायऱ्यांची श्रेणी लावून दिली तीत शंखजिरे अगदी खालच्या, पहिल्या पायरीवर येते. ते नखानेही ओरखडते. संगमरवर तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या आसपास आहे आणि पोलादाची छिन्नी त्यावर चालते. अकीक मात्र सातव्या पायरीजवळ असल्यामुळे पोलाद त्यावरून घसरते. त्याला वेज पाडावयाचा तर हिऱ्याची कणी लागते. नर्मदेच्या मुखाकडे, रतनपूरच्या खाणींतून निघणाऱ्या अकीकाचे मणी करण्याचा धंदा खंबायतला शतकानुशतके चालत आला तो याच कौशल्याच्या बळावर. तेथील कारागीर दगड भट्टीत तापवून त्याला तांबूस रंग आणतात, ठोकून आकार देतात आणि हिऱ्याच्या कणीचे टोक बसविलेल्या सामत्याने वेज पाडतात.

यावरून निवडीचा पहिला धडा मिळतो. शंखजिरे कोरण्यास सोपे म्हणून त्याची अंगठी केली तर ती रोजच्या वापरात चार दिवसांत झिजेल. तेच गळ्यातल्या पदकासाठी वापरले आणि भोवती धातूची कड दिली तर ते पुष्कळ टिकेल. बोटात आणि मनगटावर, जिथे घर्षण जास्त, तिथे अकीक, गळ्यात संगमरवर, जपून वापरावयाच्या डागात शंखजिरे. दगडाच्या स्वभावाप्रमाणे शरीरावरची जागा ठरली म्हणजे साजाचा अर्धा आराखडा आपोआप तयार होतो.

उरलेला अर्धा आकृतीचा. ती शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. कलचुरींची राजधानी त्रिपुरी म्हणजे जबलपूरजवळचे आजचे तेवर. या राजांचे कोरीव लेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी संपादून १९५५ साली प्रसिद्ध केले. त्याच सुमारास, १९५२ मध्ये, डॉ. मो. गं. दीक्षित यांनी सागर विद्यापीठातर्फे त्रिपुरीचे उत्खनन केले. दीक्षितांचा प्राचीन मण्यांचा व्यासंग मोठा होता. रेखांकित मण्यांवरचा त्यांचा ग्रंथ १९४९ सालचा आहे आणि भारतीय काचेचा इतिहासही पुढे त्यांनीच लिहिला. मणी ही वस्तू किती क्षुल्लक! पण दगड कोणता, वेज एका बाजूने पाडला की दोन्ही बाजूंनी, झिलई कशी दिली, एवढ्यावरून कोणता माल कुठून आला याचा अंदाज अभ्यासक बांधतात. कारागिराच्या हाताची खूण अशी दोन हजार वर्षे टिकते.

भेडाघाटच्या टेकडीवर दहाव्या शतकातील चौसष्ट योगिनींचे मंदिर आहे. वर्तुळाकार ओवरीत एक्क्याऐंशी कोनाडे आहेत आणि त्यांतील भग्न योगिनींच्या बैठकीवर त्यांची नावे कोरलेली आढळतात. या मूर्तींच्या अंगावरील अलंकार पाहण्यासारखे आहेत. वाहन निराळे, मुखही काहींचे पशूचे. परंतु कंठहार, केयूर, मेखला आणि नूपुर यांची घडण एका हाताखालची दिसते. त्या शिल्पशाळेने द्रव्य आणि घडण स्थिर ठेवली आणि रूप मोकळे सोडले. कोल्हापुरी साजाचाच नियम येथे दगडात दिसतो.

दुसरा झरा गोंडांचा. रसेल आणि कटनीचे रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात दागिन्यांची चर्चा विस्ताराने आली आहे. दागिना मूळचा शोभेचा नसून अंगाच्या रक्षणाचा, असा त्यांचा रोख आहे. गोंडांसाठी मेणाच्या साच्यावर पितळेचे दागिने ओतणाऱ्या भरेवा कासारांचीही त्यात नोंद आहे. वेरियर एल्विन यांनी १९५१ साली मध्य भारतातील आदिवासी कलेवर ग्रंथ लिहिला. त्यांचा मुक्काम ज्या पाटणगढला काही काळ होता त्याच गावातून पुढे जनगढसिंह श्याम हे चित्रकार उदयास आले. त्यांच्या परंपरेतील प्रत्येक परधान चित्रकाराचे आकृती भरण्याचे ठिपके वा रेघा स्वतःच्या असतात. विषय हरीण असो की वृक्ष, ठिपके पाहून चित्रकार ओळखावा. दागिन्यांच्या साजालाही अशीच एखादी खूण असावी लागते.

तथापि जुन्यातून घेणे आणि जुने उतरवून काढणे यांत अंतर आहे. रोमच्या कास्तेल्लानी घराण्याने एकोणिसाव्या शतकात एत्रुस्कन थडग्यांत सापडलेल्या दागिन्यांवरून नवे दागिने घडविले. त्यांतील सोन्याच्या रवाळ कामाचे रहस्य त्यांना पुस्तकात मिळेना, तेव्हा सांत आंजेलो इन वादो या खेड्यातील कारागीर त्यांनी रोमला आणले, कारण जुन्या कामाची थोडी सवय त्यांच्या हातात उरली होती. नमुना संग्रहालयातून घ्यावा आणि रीत जिवंत हातांकडून, हा त्यातला बोध. ज्या चिन्हाला एखाद्या जमातीत विवाहाचा वा देवतेचा अर्थ आहे ते मात्र त्या लोकांना विचारल्यावाचून बाजारात मांडणे उचित नव्हे.

आता एखाद्या कारागिराने साज रचावयास घेतला अशी कल्पना करावी. त्याने मूळ आकृती म्हणून तोंड उघडे ठेवलेले वर्तुळ निवडले. गोंड स्त्रीची सुतिया हे असेच कडे आहे आणि योगिनींची ओवरीही वर्तुळच आहे. ही आकृती त्याने तीन मापांत कागदावर काढली: गळ्यासाठी मोठी, मनगटासाठी मधली आणि कानासाठी लहान. येथे पुष्कळ नवशिके फसतात. आकृती लहान-मोठी करताना ते डोळ्यावर विसंबतात आणि वजन विसरतात. संगमरवराचा दोन सेंटिमीटर व्यासाचा मणी सुमारे १२ ग्रॅम भरतो. एक सेंटिमीटरचा दीड ग्रॅमच. व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होते. म्हणून गळ्यात शोभणारा मणी अर्ध्या मापाने कानात चालतो, पूर्ण मापाने कानाची पाळी ओढतो. मोठ्या आकृतीचा भास हवा असेल तर दगड पोखरावा किंवा धातूच्या तारेचे वर्तुळ करून मध्ये लहान खडा लटकवावा.

त्यानंतर जोडणी. कड्या, आकडे, फासे, फिरक्या हे भाग पाहणाऱ्याच्या नजरेत भरत नाहीत. पण साजाचे ऐक्य तेच सांभाळतात किंवा बिघडवितात. एका डागाला चांदीचा आकडा, दुसऱ्याला पितळेचा आणि तिसऱ्याला बाजारी पत्र्याचा असला तर दगड कितीही सुंदर असो, तिन्ही परके वाटतात. पटवेकऱ्याकडून गाठवून घ्यावयाचे तर दोऱ्याचा रंग एक, गोंड्याची रीत एक असावी. झिलईचेही तसेच. अर्धे दगड चकचकीत आणि अर्धे खरबरीत ठेवणे हा मुद्दाम केलेला विरोध असेल तर तो प्रत्येक डागात दिसला पाहिजे. एका डागात दिसला तर तो हलगर्जीपणा ठरतो.

शेवटची पायरी सर्वांत कठीण, आणि ती वगळण्याची. दहा नमुने तयार झाले म्हणजे ते पांढऱ्या कापडावर एकत्र मांडावेत आणि दुरून पाहावेत. एखादा डाग एकटा फार देखणा असतो, पण इतरांत मिसळत नाही; नजर त्याच्यापाशी अडखळते. तो काढून ठेवावा. तो वाया जात नाही, कारण पुढच्या साजाचे बीज बहुधा त्यातच असते. उरलेल्यांत एक डाग मुख्य, तीन-चार मध्यम आणि बाकीचे लहान असे प्रमाण असले म्हणजे श्रीमंत गिऱ्हाइकाला पदक घेता येते आणि विद्यार्थिनीला कानातले.

इथेच पोटापाण्याचा प्रश्न येतो. सोन्याचा डाग मोडला तरी धातूची किंमत हाती येते. दगडाच्या डागात द्रव्याची किंमत नाममात्र असून सर्व मोल श्रमाचे आणि कल्पनेचे असते. घाटावर आलेला प्रवासी आठवण म्हणून एखादी माळ घेतो, घासाघीस करतो आणि निघून जातो. तशीच माळ शेजारच्या दुकानातही टांगलेली असते. म्हणून भाव पडतो, भाव पडला म्हणून काम घाईने होते आणि काम घाईचे म्हणून भाव आणखी पडतो. साज या चक्राला छेद देऊ शकतो. कानातले घेतलेली स्त्री पुढच्या खेपेस त्याच्या जोडीचे कडे मागते. ते दुसऱ्या दुकानात मिळत नाही, कारण ती खूण एकाच हाताची आहे. गिऱ्हाइकाला परत यावेसे वाटणे हेच कारागिराचे खरे भांडवल होय.

खंबायतच्या मण्यांना जे साधले ते जबलपूरच्या दगडांना साधण्यास निसर्गाची आडकाठी नाही. नदी दोन्हीकडे तीच आहे. पात्रातला गोटा हा नुसता गोटा असतो, घडविला की डाग होतो. आणि चार डागांना एकमेकांची ओळख पटली, म्हणजे मगच साज होतो. ही ओळख पटवून देणे यंत्राकडून होण्याजोगे नाही. ते काम हाताचे आणि हातामागच्या विवेकाचे आहे.