काळ्या पाइपामागचा धातू

रायपूरमध्ये ॲल्युमिनियम म्हटलं की कोरबा आठवतं, आणि कोरबा म्हटलं की बाल्कोचा कारखाना. पत्रे, तारा, भांडी एवढीच या धातूची ओळख. पण निळ्या पट्ट्यांचे जे काळे एचडीपीई पाइप पिण्याच्या पाण्यासाठी जमिनीत घातले जातात, त्यांच्या घडणीतही ॲल्युमिनियमचा वाटा असतो.

हे पाइप पॉलिथिनचे असतात, आणि पॉलिथिन म्हणजे इथिलीन वायूच्या रेणूंची लांबलचक साखळी. 1933 साली इंग्लंडमध्ये ते सापडलं, तेव्हा वातावरणाच्या हजारपटीहून जास्त दाब लागायचा. साखळीला फांद्या फुटायच्या आणि माल मऊ निघायचा. जर्मनीत म्युलहाइमला कार्ल झीग्लर वेगळ्या वाटेने निघाले होते. ॲल्युमिनियमच्या सेंद्रिय संयुगावर ते इथिलीनची साखळी वाढवत, पण ती शंभरेक दुव्यांपुढे जाईना. एकदा तर दोन रेणू जुळले आणि काम थांबलं! शोध घेतल्यावर कळलं, पात्रात निकेलचा अंश राहिला होता. पात्र घासून प्रयोग पुन्हा लावणं सोपं होतं. झीग्लर यांनी तसं केलं नाही. निकेल साखळी तोडत असेल, तर दुसरा एखादा धातू ती वाढवेलही, असं म्हणून त्यांच्या गटाने एकेक धातू तपासला. 1953 मध्ये टायटॅनियम सापडलं आणि साध्या दाबाला सरळ साखळ्यांचं, टणक पॉलिथिन मिळालं. बिघाड पुसून न टाकता त्याचा माग काढणं, मला या शोधातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. 1963 चं नोबेल झीग्लर आणि इटलीचे ज्युलिओ नाट्टा यांना मिळालं.

साखळी टायटॅनियमवर वाढते. ॲल्युमिनियमचं संयुग त्याच्यावरचा क्लोरीन काढून तिथे कार्बनी गट बसवतं. मग त्या जोडात एकामागून एक इथिलीन शिरत जातं. हे संयुग हवा लागताच पेटतं, पाण्याशी तर त्याचं हाडवैर. तरीही हॅम्बुर्गमध्ये वॉल्टर कामिन्स्की आणि हान्सयोर्ग झिन यांना आढळलं, की त्याच्या भाईबंदात बेताचं पाणी मिसळलं तर मिथिल ॲल्युमिनॉक्झेन हा कितीतरी प्रभावी साथीदार तयार होतो.

आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. एस. शिवराम यांनी साखळी जुळवणाऱ्या या उत्प्रेरकांवर अनेक वर्षं संशोधन केलं. टायटॅनियम वगळून नुसत्या ॲल्युमिनियमवर पॉलिथिन बनवल्याची नोंद 1997 मध्ये अमेरिकेतून झाली. मोठ्या उत्पादनात मात्र तो मार्ग रुजला नाही. स्वस्त आणि मुबलक धातूच्या या अपुऱ्या राहिलेल्या कामाकडे रायपूरच्या एनआयटीतल्या, रविशंकर विद्यापीठातल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जरूर वळावं.