गॉल पाहिलंत, वेंगुर्ल्याची वखार पाहिलीत का?

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरातून श्रीलंकेच्या सहलीला जाणारी मंडळी गॉलचा किल्ला आवर्जून पाहतात. परतल्यावर फोटो दाखवताना जी माहिती देतात, तिच्यातल्या काही गोष्टी मात्र तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज : गॉलचा किल्ला डचांनी बांधला.

सुरुवात पोर्तुगीजांनी केली, 1588 मध्ये. डचांनी तो 1640 मध्ये जिंकला, तट-बुरूज वाढवून भक्कम केले आणि 1796 मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. यातला डच आणि इंग्रजांचा इतिहास एकाच दरवाजावर कोरलेला आहे. जुन्या दरवाजाच्या आतल्या अंगाला दोन सिंह, डच कंपनीची अक्षरे, वर कोंबडा आणि 1669 हे साल. बाहेरच्या अंगाला इंग्रजांचे राजचिन्ह. दीपगृहाकडे धाव घेण्याआधी इथे जरा थांबा. हा दरवाजा ज्या लांबलचक इमारतीच्या पोटातून जातो, ती कंपनीची वखार.

गैरसमज : पोर्तुगीज क्रूर; डच मात्र आपले साधे व्यापारी.

हा समज मला सर्वांत जास्त खुपतो. 1602 मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीला व्यापाराबरोबर युद्ध करण्याचा आणि तह करण्याचाही अधिकार होता. जायफळ-जायपत्रीचा मक्ता मिळवण्यासाठी कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटरसून कून याने 1621 मध्ये आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरची बहुतेक वस्ती मारली, उपाशी ठेवली किंवा हाकलली; मग गुलाम आणून बागा चालवल्या. भारताच्या पूर्व किनाऱ्यावरूनही डच व्यापारी माणसे विकत घेऊन जहाजांत भरत. दक्षिणेच्या मोहिमेवर असताना शिवाजी महाराजांनी 1677 मध्ये डचांना व्यापाराचा कौल दिला, तेव्हा आपल्या मुलखात गुलामांची खरेदी-विक्री चालणार नाही, अशी स्पष्ट अट घातली. जुन्या वखारींचे देखणे दगड पाहताना आपल्याला हे ठाऊक असायलाच हवे.

गैरसमज : डच महाराष्ट्रात आलेच नाहीत, वेंगुर्ल्याची पडकी इमारत पोर्तुगीजांची.

ती डचांचीच. 1637 मध्ये डच कंपनीचा वकील योहान फान ट्विस्ट विजापूरच्या दरबारात गेला आणि आदिलशाही मुलखातल्या वेंगुर्ल्यात डचांना वखारीची परवानगी मिळाली. गोव्याचे पोर्तुगीज जवळच होते. त्यांची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना पाणी, धान्य, ताजी खबर इथून मिळे. म्हणजे जे आरमार पोर्तुगीजांना गोव्यात कोंडत होते, त्याची शिदोरी कोकणातून जात होती. गॉल पडले तेही नाकेबंदीच्या याच काळात. वखारीतून कंपनीच्या वरिष्ठांना जाणाऱ्या पत्रांत विजापूरच्या आणि शिवाजी महाराजांच्या हालचालींच्याही बातम्या असत. मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक आजही ती पत्रे धुंडाळतात. आज वखारीच्या छप्पर गेलेल्या भिंती आणि कमानी उरल्या आहेत. राज्य संरक्षित स्मारक असूनही तिची रया गेली आहे, याचे वाईट वाटते.

गैरसमज : डचांच्या ताब्यातल्या पूर्वेकडच्या बेटांशी आपल्या गावांचा काय संबंध?

उल्हासनगरातल्या सिंधी कुटुंबांना विचारा. फाळणीच्या कितीतरी आधी सिंधमधल्या हैदराबादच्या व्यापाऱ्यांनी जावा बेटावर, म्हणजे तेव्हाच्या डच मुलखात, पेढ्या थाटल्या होत्या.

गैरसमज : वेंगुर्ला फारच आडबाजूला.

बदलापूर किंवा अंबरनाथहून लोकलने दिवा गाठा आणि सावंतवाडीची गाडी पकडा. कुडाळ किंवा सावंतवाडीला उतरून पुढे एसटी. आपल्या भागातले कितीतरी चाकरमानी गणपतीला याच वाटेने गावी जातात आणि वखार न पाहताच परततात. येत्या वेळी मुलांना घेऊन तिथे जा, चारी बाजूंनी फोटो काढा आणि डागडुजीची मागणी करणारे एक पत्र राज्य पुरातत्त्व विभागाला जरूर लिहा.