भटक्या अळ्या, बैठ्या अळ्या

‘आळस त्याच्या रक्तातच आहे’ हे वाक्य तुम्ही कुणाबद्दल तरी ऐकलं असेलच. मी जनुकांवर काम करते म्हटल्यावर घरच्या कार्यक्रमात हमखास विचारलं जातं, ‘स्वभाव खरंच जनुकांत असतो का गं?’ माझं उत्तर चिलटांपासून सुरू होतं.

पिकलेल्या केळ्यांभोवती घोंगावणाऱ्या चिलटांतली एक जात म्हणजे ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर. तिच्या अळीचा ‘स्वभाव’ मोजणं सोपं आहे. बशीत यीस्टचा, म्हणजे तिच्या जेवणाचा, पातळ थर पसरायचा. त्यावर अळी ठेवायची आणि ठरावीक मिनिटांत तिनं किती लांब माग सोडला ते बघायचं. काही अळ्या खाता खाता दूरवर भटकतात, तर काही जवळपासच चरत बसतात. कॅनडातल्या मार्ला सोकोलोव्स्की यांनी १९८० साली दाखवून दिलं की हा फरक आनुवंशिक आहे. भटक्यांना ‘रोव्हर’ आणि बैठ्यांना ‘सिटर’ म्हणतात. निसर्गात दोन्ही सापडतात: साधारण ७० टक्के रोव्हर, ३० टक्के सिटर.

१९९७ मध्ये यामागचं जनुक नक्की झालं. त्याचं नाव ‘फोरेजिंग’. ते पीकेजी नावाचं एन्झाइम बनवतं. रोव्हरमध्ये हे एन्झाइम थोडं जास्त सक्रिय असतं. सिटर अळ्यांमध्ये या जनुकाची जादा प्रत घातली, तर त्या चक्क रोव्हरसारख्या भटकू लागल्या!

म्हणजे स्वभाव रक्तातच? थांबा. बशीतलं यीस्ट काढून घ्या. आता दोघी सारख्याच फिरतात. फरक दिसतो तो फक्त अन्न समोर असताना. आणि रोव्हरला काही काळ उपाशी ठेवलं, की तीही सिटरसारखी एका जागी खात बसते. जनुक तेच, वागणं वेगळं.

मग यातली एक जात संपून का जात नाही? कारण दोन्ही स्वभावांचे दिवस येतात. प्रयोगशाळेत माश्यांना पिढ्यान्‌पिढ्या दाटीत वाढवलं, तेव्हा रोव्हर वाढल्या; मोकळ्या जागेत वाढवलं, तेव्हा सिटर वाढल्या. दाटीत भटकणारीला नवं अन्न सापडतं. गर्दी नसेल तर उगाच पायपीट कशाला?

एक लक्षात ठेवा. एका जनुकाचा इतका ठळक परिणाम क्वचितच दिसतो. बहुतेक वागणुकीमागे अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो. त्यामुळे अळीवरून थेट माणसावर उडी मारू नका.

पण पुढच्या वेळी कुणी ‘रक्तातच आहे’ म्हणालं, तर एवढं जरूर विचारा: ‘असेल, पण बशीत यीस्ट होतं का?’