चकमकीची बंदूक : घडण आणि जतन

जुन्नर तालुक्यातील येडगाव हे गाव आज कुकडी नदीवरील धरणामुळे सर्वांना परिचित आहे. परंतु शिवनेरी आणि नारायणगड यांच्या परिसरातील हा मुलूख १८१८ पर्यंत शिबंदीचा व लढाऊ घराण्यांचा मुलूख होता, हेही विसरता येत नाही. अशा भागात एखाद्या जुन्या वाड्याची दुरुस्ती निघावी आणि माळ्यावरून गंजलेल्या लांब नळीची बंदूक खाली यावी, यात नवल नाही. प्रश्न उभा राहतो तो त्यानंतर. कोणी ती भंगारात काढू पाहतो, कोणी घासूनपुसून बैठकीच्या खोलीत लावू पाहतो, तर एखादा उत्साही तरुण तिचा बार उडवून पाहण्याचा घाट घालतो. या तिन्ही गोष्टी टाळावयास हव्यात. त्या का टाळाव्यात, हे अशी बंदूक कशी घडविली जात असे हे पाहिले म्हणजे ध्यानात येते.

तोड्याकडून चकमकीकडे

नळीच्या तोंडातून दारू व गोळी घालून गजाने ठासावयाची, ती ठासणीची बंदूक होय. तिचे पेटविण्याच्या रीतीवरून प्रकार पडतात. तोड्याच्या बंदुकीत जळती वात दारूला लावीत. वात सतत जळती ठेवावी लागे; पावसात ती विझे आणि रात्री तिच्या ठिणगीने शिपायाचा ठाव शत्रूस कळे. चकमकीच्या बंदुकीने ही अडचण दूर केली. सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये तिच्या यंत्रणेला पक्के रूप आले व पुढे सुमारे दोनशे वर्षे जगातील सैन्ये तिच्यावर विसंबून राहिली.

आपल्याकडे तोड्याची बंदूक दीर्घकाळ टिकली. तथापि अठराव्या शतकात कवायती पलटणी उभ्या राहिल्या, तशी चकमकीच्या बंदुकीची मागणी वाढली. महादजी शिंदे यांनी द बॉइन या सेनानीकडून पलटणी तयार करविल्या, तेव्हा आग्रा येथे शस्त्रांचा कारखाना निघाला. सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तेथे तोफा ओतल्या जात आणि बंदुकाही तयार होत. एका बंदुकीस सुमारे १० रुपये खर्च येई व ती युरोपीय बंदुकीच्या तोडीची असे, अशी नोंद आढळते. ज्या महादजींची छत्री पुण्याजवळ वानवडी येथे आहे, त्यांच्या पदरी देशी कारागिरांनी ही विद्या आत्मसात केली होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

नळी, यंत्रणा आणि कुंदा

बंदुकीचा प्राण म्हणजे तिची नळी. लोखंडाची पट्टी तापवून सळईभोवती गुंडाळीत व तिच्या कडा घणाने ठोकून एकजीव करीत. नंतर नळी आतून कोरून सरळ व गुळगुळीत केली जाई आणि मागील तोंडास आटे पाडलेले लोखंडी बूच घट्ट बसविले जाई. साध्या बंदुकीची नळी आतून सपाट असते. रायफलीच्या नळीत मात्र मळसूत्री खाचा असतात. पोलादी दात बसविलेला गज हाताने पुन्हा पुन्हा ओढून एकेक खाच खोल करावी लागे. या खाचांमुळे गोळीला फिरकी मिळते व ती नेम सोडीत नाही. सपाट नळीचा नेम शंभर यार्डांपलीकडे भरवशाचा नसे. खाचांच्या नळीने त्याच्या दुप्पट अंतर साधता येई.

दुसरा भाग यंत्रणेचा. घोड्याच्या जबड्यात कातड्याच्या घडीत गारेचा तुकडा घट्ट धरलेला असतो. चाप ओढताच घोडा पुढे झेपावतो आणि गार समोरच्या पोलादी पट्टीवर घासते. ठिणग्या पडतात आणि त्याच वेळी पट्टी मागे सरून खालची रंजकपेटी उघडते. पेटीतील रंजक, म्हणजे बारीक दारू, पेट घेते आणि नळीच्या कानातून ज्वाला आत शिरून मुख्य बार उडतो. हे सारे क्षणार्धात घडते. म्हणूनच कारागिराची कसोटी येथे लागते. पट्टी मऊ राहिली तर ठिणगी पडत नाही. तिला पाणी अधिक चढले तर ती तडकते. कमानीलाही बेताचेच पाणी द्यावे लागते. कान रंजकपेटीच्या मानाने फार खाली किंवा वर पडला, तर रंजक नुसतेच भडकते व बार आत तसाच राहतो.

तिसरा भाग लाकडी कुंद्याचा. युरोपात अक्रोड व अमेरिकेत मेपल ही लाकडे पसंत केली जात. लाकूड वर्षानुवर्षे वाळलेले असावे लागते आणि मनगटाजवळच्या बारीक भागात त्याचे रेषे लांबीच्या दिशेनेच धावावे लागतात. आडवे गेले तर धक्क्याने कुंदा तेथेच मोडतो. नळी व यंत्रणा लाकडात बसविण्यासाठी लोखंडाला दिव्याची काजळी लावून ते खाचेत दाबतात. काळा डाग उमटेल तेथे पटाशीने लाकूड तासावयाचे, पुन्हा दाबावयाचे. असे शेकडो वेळा केल्यावर लाकूड व लोखंड यांच्यामध्ये फट राहत नाही.

अखेरचा हात

लाकूड ओले करून त्याचे रेषे उभे करतात, ते तासून काढतात आणि मग जवसाच्या तेलाचे पातळ हात अनेक दिवस देतात. नळीला तपकिरी रंग देण्याची रीत विशेष आहे. तिच्यावर मुद्दाम बारीक गंज चढवितात, तो घासतात व पुन्हा चढवितात. शेवटी उकळत्या पाण्याने गंजाची क्रिया थांबवून तेल लावतात. एकसारखा बसलेला हा थर पुढे नळीचे रक्षण करतो. जुनी बंदूक विटेच्या भुकटीने किंवा पॉलिश कागदाने लखलखीत करणारा मनुष्य हाच थर, आणि त्याबरोबर कारागिराच्या खुणा व अक्षरे, कायमची पुसून टाकतो.

गावकऱ्यांनी काय करावे

जुन्या नळीत दारू व गोळी ठासलेलीच राहिलेली असू शकते. कोरडी राहिलेली दारू कित्येक वर्षांनंतरही पेट घेते. म्हणून अशी बंदूक सापडताच तिच्या तोंडासमोर कोणी उभे राहू नये, ती तापवू नये, चाप ओढू नये आणि तिच्यात दारू भरण्याचा विचारही करू नये. गंजाने पोखरलेली नळी बाराचा दाब सोसत नाही. ती फुटली तर इजा प्रथम चालविणाऱ्यालाच होते.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये बंदूक बाळगण्यास, तसेच ती तयार करण्यास वा दुरुस्त करण्यास परवाना लागतो. पीकसंरक्षणाच्या खऱ्या गरजेसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद याच अधिनियमात आहे. मात्र असा परवाना म्हणजे वन्यप्राण्यांच्या शिकारीची मुभा नव्हे. जुन्नर परिसरात उसाच्या शेतात वावरणाऱ्या बिबट्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. तो दिसल्यास वन विभागास कळविणे हाच मार्ग होय. पुरातन मूल्याच्या शस्त्रास सूट मिळते ती दुरुस्ती करूनही ते वापरता येण्यासारखे नसेल तरच, आणि हे ठरविणे घरमालकाच्या हाती नाही. म्हणून सरपंच वा पोलीस पाटील यांनी प्रथम पोलीस ठाण्यास वर्दी द्यावी. नळी रिकामी असल्याची खात्री जाणकारांकडून झाल्यावर संग्रहालयाचा सल्ला घ्यावा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या शस्त्रांचा संग्रह आहे. शिक्षकांना तो विद्यार्थ्यांना दाखविता येईल.

ज्या हातांनी काजळीचा डाग पाहून लाकूड तासले, त्यांची नावे बहुधा कोठेही लिहिलेली नाहीत. त्यांचे काम तेवढे उरले आहे. ते भंगारात जाऊ नये आणि त्यापायी कोणाचा हात किंवा डोळाही जाऊ नये, एवढी दक्षता गावाने घेतली तर पुरे.